हातातला रिमोट आणि किबल्याचा बाण

ईदीच्या पैशांतून गेम घेण्याचा हट्ट पुष्कळ घरांत होतो. बसून बटणे दाबण्यापेक्षा हात फिरवून खेळायचे टेनिस आम्हाला बरे वाटते, निदान अंग तरी हलते. पण आपण रॅकेट फिरवली हे त्या रिमोटला कळते कसे?

निन्टेंडो कंपनीने २००६ साली बाजारात आणलेल्या ‘वी’ या गेमचे उदाहरण घेऊ. त्याच्या रिमोटमध्ये एक चिप असते. तिच्यात सिलिकॉनचे सूक्ष्म वजन बारीक स्प्रिंगांवर टांगलेले असते. बस सुटताना आपण मागे कलतो, तसे हाताला झटका बसला की ते वजन किंचित सरकते आणि शेजारच्या पट्ट्यांवरचा विद्युतभार बदलतो. रिमोट स्थिर असला तरी पृथ्वीचे आकर्षण ते वजन ओढतच असते, म्हणून तो किती तिरका धरला आहे तेही समजते.

टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणतात, पण ती काहीच ओळखत नाही. तिच्या दोन्ही टोकांना डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे असतात. कॅमेरा असतो तो रिमोटच्या टोकाला. पट्टीच्या जागी दोन मेणबत्त्या पेटवल्या तरी रिमोटचा नेम लागतो! (मुलांना हे सांगताना काडेपेटी मात्र आपल्याकडेच ठेवावी.)

मनगटाचा पीळ यातून नीट कळत नसे. म्हणून २००९ साली रिमोटला खालून जोडायचा जायरोस्कोप आला. त्यातला कण सतत थरथरत असतो. रिमोट वळला की थरथरीची दिशा ढळते आणि वळण्याचा वेग मोजता येतो. मात्र क्षणाक्षणाचे वेग जोडत जाताना बारीक चुकाही साठत जातात, त्यामुळे अधूनमधून पक्क्या खुणेशी मेळ घालावाच लागतो.

हेच भाग आपल्या मोबाईलमध्येही असतात. स्क्रीन आडवी होते, पावले मोजली जातात ती त्यांच्यामुळेच. पण मोबाईल टेबलावर सपाट ठेवून गोल फिरवला तर आकर्षण तेवढेच राहते, त्यावरून पश्चिम कुठे ते कळत नाही. म्हणून किबला दाखवणारे ॲप चुंबकीय होकायंत्राचा आधार घेते. आपल्या ठिकाणाहून मक्केचा कोन काढणे हे साधे गणित आहे, ते सहसा चुकत नाही. चुकतो तो मोबाईलला स्वतःच्या तोंडाचा अंदाज. पृथ्वीचे चुंबकत्व फार क्षीण असते. लोखंडी कपाट, स्पीकर किंवा कव्हरमधले लोहचुंबक त्यावर सहज मात करते.

गेममध्ये नेम चुकला तर एक गुण जातो, नमाजची गोष्ट वेगळी. नव्या घरात जानमाज अंथरण्यापूर्वी मोबाईल कव्हरातून काढावा, कपाटापासून दूर उभे राहून हवेत इंग्रजी आठच्या आकारात काही वेळा फिरवावा आणि मगच बाण पाहावा. महाराष्ट्रातून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. बाण त्याहून फारच वेगळीकडे गेला, तर मोहल्ल्यातल्या मशिदीच्या मेहराबाशी ताडून घ्यावे.