गाथेतील स्त्री आणि टीकाकारांची मर्यादा

दिवाळीच्या सुमारास कऱ्हा-नीरेच्या काठी उसाचे गाळप सुरू झाले, की बीडकडील तोडणी कामगार उचल घेऊन बारामती-इंदापूरच्या फडांवर येतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणण्याची येथे रीत आहे. पोटासाठी मुलूख सोडणे गोदाकाठाला नवीन नाही. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या माहाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती'त परगावी गेलेला पथिक आणि त्याची मागे राहिलेली स्त्री वारंवार भेटतात. पती आज गेला, आज गेला, असे मोजीत पहिल्या अर्ध्या दिवसातच भिंत रेघांनी भरून टाकणारी एक; गळक्या छपराखाली मुलावर वाकून पावसाचे थेंब डोक्यावर झेलणारी, आणि आपल्याच आसवांनी ते भिजत असल्याचे भान नसलेली दुसरी.

या गाथांवर पुढे संस्कृत टीका झाल्या. त्यांपैकी गंगाधरभट्टाची टीका मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १८८९ साली 'काव्यमाले'त छापली. गाथा कोणी, कोणास व कोणत्या हेतूने म्हटली, हे सांगून अर्थाकडे वळण्याची ही पद्धत. तिचा उपयोग नाही असे कोण म्हणेल? गोदाकाठच्या सिंहाने कुत्र्यास मारले, आता निर्धास्तपणे हिंड, असे एका धार्मिक गृहस्थास सांगणारी स्त्री वस्तुतः त्याला संकेतस्थळापासून दूर ठेवू पाहते; आनंदवर्धनाने नवव्या शतकात याच गाथेवर ध्वनीची चर्चा केली. परंतु सवय जडली, की प्रत्येक स्त्री स्वकीया की परकीया, बोलणारी सखी की दूती, याचाच निवाडा आधी होतो. छप्पर का गळते, हा प्रश्न शास्त्रात बसत नाही.

चीनमध्ये हीच वृत्ती राजनीतीपर्यंत पोहोचली. तेथील ३०५ कवितांच्या प्राचीन संग्रहातील पहिल्या कवितेत नदीच्या बेटावर पक्षी साद घालतात आणि एक तरुण मनाजोगत्या मुलीसाठी तळमळतो. इसवी सनापूर्वीच्या 'माओ' परंपरेतील भाष्याने तीत राणीचे निर्मत्सर शील पाहिले. भावनेतून उपजलेल्या काव्याने 'ली', म्हणजे आचारमर्यादा, यापाशी थांबावे, अशी त्या परंपरेची धारणा होती. यातील अनेक गीते प्रेमिकांचीच आहेत, हे बाराव्या शतकात चू शी याने स्पष्ट मांडले. पण त्यानेही त्यांतील काहींना स्वैराचाराचा दोष दिलाच! निदान बोलणाऱ्याचा आवाज तरी त्याने ऐकला.

आपल्याकडे स. आ. जोगळेकरांच्या १९५६ सालच्या मराठी आवृत्तीने गाथांतील शेती, गावगाडा व घरसंसार यांकडे लक्ष वेधले. महाविद्यालयांत मात्र नायिकाभेदाची टिपणे अजून आवडीने उतरवून घेतली जातात. परीक्षेला ती सोयीची पडतात. पथिकाला परगावी कोणते काम मिळे, पावसाळ्यापूर्वी परतण्याची त्याला एवढी घाई का, मागे राहिलेल्या घरात धान्य किती, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारावयाचे प्रश्न त्याच सातशे गाथांत पडून आहेत. आजच्या कोयत्यातील स्त्री तर मागेही राहत नाही. मूल घेऊन ती फडावर येते आणि पाचटाच्या कोपीत संसार मांडते.