विजेची उघाडी

मांडव्याच्या किनाऱ्यावरील एका मच्छीमार होडीची बॅटरी वरचेवर उतरलेली सापडू लागली. होडीवर निजणारा खलाशी पोरगा रात्रभर दिवा जळत ठेवतो, असा निष्कर्ष नाखव्याने काढला आणि त्याच्या हिशेबातून पैसे कापले. "काका, मी बत्ती विझवूनच निजतो," एवढेच तो आमच्यापाशी सांगे. शब्दाविरुद्ध शब्द उभा राहिला की खालच्याचा शब्द हरतो, हा कामगार चळवळीतला आमचा जुना अनुभव. म्हणून आम्ही तिसरा साक्षीदार शोधू लागलो. तो इंजिनाशेजारच्या अल्टरनेटरच्या पोटात सापडला. त्याचे नाव डायोड.

डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. आपल्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाही. खारबांधाच्या पोटात उघाडी असते. ओहोटीला शेतातले पाणी तिची झडप ढकलून बाहेर पडते. भरतीचे खारे पाणी बाहेरून दाबू लागले की तीच झडप चौकटीवर घट्ट बसते. राखणदार लागत नाही, पाण्याचा दाबच पहारा करतो. (याच खारेपाटात, चरी गावी, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ असा संप चालविला, पण तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.)

उघाडीची झडप लाकडाची. डायोडमध्ये हलणारे काहीच नाही, मग तेथे अडवते कोण?

डायोड बहुधा सिलिकॉनचा करतात. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूजवळ शेजाऱ्यांशी हात मिळविण्यासाठी चार इलेक्ट्रॉन असतात. चारही गुंतलेले असल्यामुळे शुद्ध सिलिकॉन वीज फारशी वाहून नेत नाही. त्यात फॉस्फरसचा लवलेश मिसळला, तर फॉस्फरसच्या पाचांपैकी चार इलेक्ट्रॉन गुंततात आणि पाचवा मोकळा हिंडतो. बोरॉन मिसळला, तर त्याच्याजवळ तीनच असल्याने एक जागा रिकामी राहते. ही रिकामी जागाही चालते बरे! गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचच्या बाकावर पाहावे. टोकाचा उतारू उठला, शेजारचा त्याच्या जागी सरकला, मग त्याच्या शेजारचा. माणसे एका बाजूला सरकली, रिकामी जागा मात्र उलट बाजूला गेली. शास्त्रज्ञ या जागेलाच धन विद्युत्भाराचा कण मानून हिशेब करतात.

आता एकाच तुकड्याची एक बाजू बोरॉनची आणि दुसरी फॉस्फरसची केली, की सांध्याजवळचे मोकळे इलेक्ट्रॉन पलीकडच्या रिकाम्या जागांत जाऊन बसतात. सांध्यावर वीज वाहून नेणारे कोणी उरत नाही, आणि मागे राहिलेल्या अणूंच्या विद्युत्भारामुळे पुढच्यांची वाट अडते. हीच ती झडप. बोरॉनच्या बाजूला बॅटरीचे धन टोक व दुसऱ्या बाजूला ऋण टोक लावले, तर अडथळा खाली येतो आणि सुमारे ०.७ व्होल्ट दाबाला वीज मोकळी वाहू लागते. टोके उलटी लावली, तर तो ओसाड पट्टा रुंदावतो आणि वाट बंद होते. उलटा दाब मर्यादेबाहेर गेला, तर बांधाला खांड पडावी तशी वीज फुटून निघते. झेनर नावाचा डायोड तर ठरावीक दाबाला असा फुटावा म्हणूनच घडवितात. त्याच्या आधारे मंडलातला दाब स्थिर राखता येतो.

हा एकदिशा गुण फर्डिनांड ब्राउन यांना १८७४ साली काही खनिज स्फटिकांत आढळला होता. आपल्या जगदीशचंद्र बसूंनी गॅलेना स्फटिकाच्या ग्राहकासाठी १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज केला व १९०४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्या काळी स्फटिकाच्या रेडिओत बॅटरीशिवाय गाणे ऐकू येई, ते याच गुणामुळे. सिलिकॉनमधला सांधा रसेल ओल यांच्या ध्यानी आला तो १९४० मध्ये.

सूर्यप्रकाश सांध्यावर पडला की वीज निघते. योग्य पदार्थाच्या सांध्यातून वीज सोडली की प्रकाश निघतो. एक सौर तबकडी, दुसरा एलईडी दिवा. तेजस्वी निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आपल्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा ज्याच्या घरी सौर कंदील होता त्याच्या घरी ही दोन्ही भावंडे एकत्र राबत होती, आणि दिवसा साठलेली वीज रात्री तबकडीकडे परतू नये म्हणून मध्ये तिसरा डायोड पहाऱ्याला होता.

असो. आता होडीकडे वळू. अल्टरनेटरमध्ये निपजणारी वीज क्षणोक्षणी दिशा पालटते. बॅटरीला एकाच दिशेची लागते. म्हणून तीन वेटोळ्यांना सहा डायोड जोडतात, तीन धन बाजूस आणि तीन ऋण बाजूस. वीज कोणत्याही दिशेने येवो, बॅटरीत ती एकाच बाजूने शिरते. घरच्या चार्जरमध्ये हेच काम चार डायोड करतात. इंजिन थांबले की याच सहांनी बॅटरीची वीज मागे जाऊ द्यायची नाही.

आम्ही इंजिन बंद असताना अल्टरनेटरची जाड तार सोडून ठेवली. (चालू इंजिनावर असे करू नये, चांगले डायोडही जळतात.) तीन दिवसांनी बॅटरी भरलेली! मग वायरमनने डायोड सुटे करून मीटर लावला. चार डायोड एका बाजूने वाट देत व दुसऱ्या बाजूने अडवीत. उरलेले दोन, एक धन बाजूचा व एक ऋण बाजूचा, दोन्हीकडून वाट देत होते. तार पुन्हा जोडून मोजले, तेव्हा उभ्या होडीत अर्धा अँपिअर वीज झिरपत होती. होडी तीन दिवस धक्क्याला राहिली की ३६ अँपिअर-तास गेले. जुन्या बॅटरीत मग उरणार काय? कोणी तरी केव्हा तरी बॅटरीच्या तारा उलट्या लावल्या असाव्यात. तसे केले की सगळे डायोड एकदम उघडतात आणि भाजून निघतात. ते कोणी केले, हे मात्र मीटर सांगत नाही.

मीटरचा काटा नाखव्याने स्वतः पाहिला. कापलेले पैसे त्याने पुढच्या हिशेबात परत केले. दिलगिरीचा शब्द काही काढला नाही. आणि नव्या डायोडचे पैसे कोणी द्यायचे, यावर पुन्हा अर्धा तास वाद झाला.