खेळ कोणाचा, चूल कोणाची? : अमेरिकेतील १९२९ ची महामंदी

आमच्या वाचक बंधू-भगिनींपैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी कधीतरी नाक्यावर उभे राहिलेले असेल. हातात पिशवी, पिशवीत कामाचे कपडे आणि नजर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर. असाच एक नाका १९३५ साली न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात भरत असे. तिथे उभ्या असत काळ्या बायका, म्हाताऱ्या आणि तरण्याही. प्रत्येकीच्या हातात कागदाचे एक पुडके असे, त्यात कामाचे कपडे. श्रीमंत देशाच्या सर्वांत मोठ्या शहरात त्यांच्यावर ही पाळी का आली, हे समजून घ्यायचे तर सहा वर्षे मागे जावे लागते.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतले कारखाने धडाक्याने चालले. मोटारी, रेडिओ, धुण्याची यंत्रे, मालाला तोटा नव्हता. पण मजुरी त्या मानाने वाढली नाही आणि शेतमालाचे भाव तर युद्धानंतर थोड्याच काळात खाली आले होते. मग हा माल घेणार कोण? लोकांनी तो हप्त्यावर घेतला. वरच्या लोकांनी शेअरही उधारीवर घेतले. शंभर डॉलरच्या शेअरला अनेकदा दहा-वीस डॉलर खिशात असले की पुरे, बाकीचे दलाल कर्जाऊ देई. भाव चढतच राहतील या एका भरवशावर हा सारा डोलारा उभा होता.

२९ ऑक्टोबर १९२९, मंगळवार. त्या एका दिवसात न्यूयॉर्कच्या बाजारात सुमारे १ कोटी ६४ लाख शेअर विकले गेले. सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. रुपयाचे अकरा पैसे झाले म्हणा ना!

आता कोणी विचारील, ज्याने शेअर घेतला तो बुडाला, त्यात कष्टकऱ्याचे काय गेले? देशातील बहुसंख्य कुटुंबांकडे एकही शेअर नव्हता, हे खरे. त्यांच्या घरात हे संकट आले ते बँकेच्या दाराने. डिसेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कची ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’ बंद पडली. नाव ऐकून पुष्कळांना ती सरकारी वाटे, होती मात्र खाजगी. तिचे चार लाखांवर खातेदार होते आणि त्यात कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतले, परदेशातून पोट भरायला आलेले ज्यू कामगार फार. पै-पै करून ठेवलेला पैसा एका सकाळी कुलुपाआड गेला. १९३० ते १९३३ या काळात अशा सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. एक बुडाली की दुसरीच्या दारात रांग लागे, आणि रांगेमुळे तीही बुडे. (अमेरिकेत ठेवींना विम्याचे संरक्षण १९३३ च्या कायद्याने मिळाले. आपल्याकडे ते १९६२ साली आले, तेव्हा १५०० रुपयांपर्यंत. २०२० पासून ही मर्यादा पाच लाख आहे. त्यापुढची ठेव मात्र विम्याबाहेर, हे घरोघरी माहीत असावे.)

राज्यकर्त्यांनी काय केले? १९३० साली परदेशी मालावर जबर जकात बसवली. इतर देशांनी तोच डाव उलटवला आणि व्यापार आटला. डॉलर सोन्याला बांधलेला होता. सोने बाहेर जाऊ लागताच १९३१ च्या ऑक्टोबरात मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवला. पैशाअभावी तडफडणाऱ्याचे नळ आणखी आवळले! १९३३ पर्यंत दर चार कामगारांत एक बेकार झाला, म्हणजे सव्वा कोटींहून अधिक माणसे. लोकांनी पत्र्या-फळकुटांच्या झोपड्या बांधल्या आणि त्या वस्त्यांना राष्ट्राध्यक्ष हूवर यांचेच नाव दिले, ‘हूवरविल’. थंडीत अंगावर घ्यायच्या रद्दीला ते ‘हूवरचे ब्लँकेट’ म्हणत.

शहरात पावासाठी रांगा लागल्या आणि तिकडे खेड्यात शेतकरी मका चुलीत घालत होता, कारण मका विकून कोळसा येत नव्हता. आम्हाला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत जिव्हारी लागते.

१९३३ साली रूझवेल्ट सत्तेवर आले. भाव सावरावा म्हणून कापसाचे सुमारे एक कोटी एकर उभे पीक नांगरून टाकवले आणि त्याची भरपाई सरकारने दिली. पण दक्षिणेत पैसा जमीनमालकाच्या हाती पडे. वाटेकऱ्याचा वाटा बहुधा त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. उलट पीक कमी म्हणून त्यालाच झोपडीतून काढले. या वाटेकऱ्यांत गोरेही होते, काळेही. १९३४ साली आर्कान्सास राज्यात दोघांनी मिळून एक संघटना काढली. ज्या मुलखात काळ्या-गोऱ्यांना एका बाकावर बसण्याची बंदी, तिथे ती एका सभेत बसली. मालकांनी त्यांच्यावर गुंड घातले, तरी ती टिकली.

शहरातल्या काळ्या कामगाराची गत तर ‘कामावर घ्यायला शेवटी, काढायला आधी’ अशी. जी कामे गोरे माणूस पूर्वी हलकी मानी, ती कामेही तो आता मागू लागला. पुरुष घरी बसला. मग बाई पुडके घेऊन ब्राँक्सच्या नाक्यावर आली.

हा नाका आम्हाला माहीत झाला तो दोन काळ्या स्त्रियांमुळे. एला बेकर आणि मार्वेल कुक या दोघी स्वतः काम मागणाऱ्या बायका बनून तिथे उभ्या राहिल्या आणि ‘द क्रायसिस’ मासिकाच्या नोव्हेंबर १९३५ च्या अंकात त्यांनी सारे लिहिले. (या मासिकाचे पहिले संपादक डु बॉइस. त्यांनाच बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या.) भाव होता तासाला १५ ते ३० सेंट. धुणे, फरशा, खिडक्या. ठरलेली मजुरी पुरी मिळाली तर नशीब. घरधनीण घड्याळाचा काटा तासभर मागे सारी आणि तेवढे पैसे वाचवी. कधी हातावर काहीच न ठेवता वाटेला लावी. आणि या मालकिणी काही लक्षाधीशांच्या बायका नव्हत्या. त्यातल्या कित्येक साध्या कामगारांच्या बायका होत्या, ज्यांना पूर्वी मोलकरीण परवडत नव्हती. मजूर स्वस्त झाला तशी ती परवडू लागली.

ऑगस्ट १९३५ मध्ये अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा मोठा कायदा झाला. म्हातारपणी पेन्शन, बेकारीत भत्ता. कामगारमंत्री फ्रान्सिस पर्किन्स या बाईंनी त्यासाठी अपार खटपट केली. मात्र शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. वसुली अवघड, असे एक कारण सांगतात. दक्षिणेतल्या जमीनदारांचा दबाव होता, असे दुसरे. इतिहासकारांत यावर वाद आहे. गोरे मजूरही त्यात वगळले गेले, पण काळ्या कामगारांपैकी शंभरात सुमारे पासष्ट बाहेर राहिले.

पेन्शनचे दार घरकामगारांना १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनी उघडले. किमान वेतनाचा कायदा १९३८ चा, तो त्यांना लागू झाला १९७४ साली. ब्राँक्सच्या नाक्यावर १९३५ मध्ये तिशीची म्हणून उभी असलेली बाई तोवर सत्तरीला टेकली होती.