सर्व्हर सुरू होत नाहीं तेव्हां

अनेक संगणकांस एका ठिकाणाहून माहिती पुरविणारें जें यंत्र, त्यास सर्व्हर म्हणतात. शाळेच्या कचेरींतील हजेरी, गुणपत्रकें व फीचे हिशोब हल्लीं पुष्कळ ठिकाणीं त्यांतच सांठविलेले असतात. तेव्हां तो रुसला कीं सारें काम अडतें. अशा वेळीं घाबऱ्या मनुष्याचा हात वारंवार बटणाकडे जातो. आमच्या मतें आधीं हात आवरावा. पाहावें व ऐकावें.

यंत्र अगदींच मुकें असेल, दिवा नाहीं कीं पंख्याचा आवाज नाहीं, तर दोष विजेच्या वाटेवर शोधावा. भिंतीवरील सॉकेटांत टेबलावरचा दिवा लावून पाहावा, मग यू. पी. एस., मग तार, असें यंत्राकडे यावें. मोठ्या सर्व्हरांत बहुधा वीजपुरवठ्याच्या दोन पेट्या असतात. एकेक आळीपाळीनें काढून पाहावी. पेटी मात्र उघडूं नये. तार काढल्यावरहि तिच्यांतील कपॅसिटरांत जीवघेणी वीज राहूं शकते. सर्व तारा काढून सुरू करण्याचें बटण अर्धा मिनिट दाबून धरावें व तारा पुन्हां जोडाव्या; एवढ्यानेंहि कित्येकदां यंत्र जागें होतें.

पंखे फिरतात, पण पडदा कोराच आहे, असें झाल्यास थोडा धीर धरावा. सुरू होतांना यंत्र आपल्या अवयवांची स्वतःच झडती घेतें. रॅम पुष्कळ असल्यास त्यास कांहीं मिनिटें लागतात, आणि उतावळे लोक नेमकें तेव्हांच बटण दाबतात! १९८१ सालच्या आय. बी. एम. पी. सी. मध्यें सर्व ठीक असल्यास एकच छोटी शिटी वाजे. आजच्या यंत्रांतील शिट्यांचे किंवा दिव्यांचे संकेत कंपनीपरत्वें भिन्न असतात. ते मोजून पुस्तिकेंत पाहावे. नुकताच एखादा भाग नवा बसविला असेल, तर संशय प्रथम त्यावर घ्यावा. नाहींतर वीज तोडून, धातूच्या सांगाड्यास हात लावून अंगांतील स्थिर वीज घालवावी, रॅमच्या पट्ट्या काढाव्या, एकच पट्टी नीट बसवून यंत्र चालवावें, आणि मग एकेक वाढवीत जावें. ज्या पट्टीबरोबर यंत्र अडेल, तेथें दोष.

तारीख मागें गेलेली दिसली, तर आंतील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली असें समजावें. तिच्या अभावीं कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावें, हेंहि यंत्र विसरूं शकतें. कधीं कोणी लावून विसरलेला पेनड्राइव्हच वाट अडवितो.

खरी भीति पुढें आहे. पडद्यावर अक्षरें येऊन काम तेथेंच थांबलें, तर संदेश जसाच्या तसा उतरून घ्यावा. यंत्र पुन्हां विकत मिळतें. वर्षभराचे गुण बाजारांत मिळत नाहींत. म्हणून डिस्कांची अदलाबदल करूं नये, आणि त्या नव्यानें तयार करूं काय, असें यंत्रानें विचारल्यास होय म्हणूं नये. त्यानें जुना मजकूर पुसला जाण्याचा धोका असतो. दुसरीकडे ताजी प्रत आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. डिस्क टक्‌टक् वाजूं लागल्यास यंत्र ताबडतोब बंद करून तज्ज्ञास बोलवावें.

घरच्या संगणकासहि हाच क्रम लागतो. मात्र त्यांत वीजपुरवठ्याची पेटी बहुधा एकच असते, म्हणून ती तपासण्यास शेजाऱ्याची चालू पेटी मागून आणावी लागते.