आधी पाण्याची वाट, मग रस्त्याची: हद्दवाढ भागातले पाच गैरसमज

१९९२च्या हद्दवाढीने सोलापूर महापालिकेचे क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. सोरेगाव, बाळे, केगाव, शेळगी, मजरेवाडी, कुमठे ही गावे शहरात आली. शेतांचे प्लॉट पडले, त्यातले बरेच गुंठेवारीने. आता तिथल्या पत्र्याच्या घरांच्या जागी मजले चढताहेत आणि बैलगाडीच्या वाटांना रुंद रस्ते व्हायचे आहे. या फेरमांडणीत रस्ता आणि पावसाचे पाणी ही दोन खात्यांची दोन कामे मानली जातात. बहुतेक गैरसमजांचे मूळ तिथेच आहे.

गैरसमज १ : सोलापूर दुष्काळी. इथे पावसाच्या पाण्यासाठी तळी कशाला?

वस्तुस्थिती : जिल्ह्याची वार्षिक सरासरी साधारण ५४५ मिलिमीटर, हे खरे. पण गटाराला आणि मोरीला वर्षाच्या सरासरीशी घेणेदेणे नसते. एका तासात किती कोसळला, यावर त्यांचे माप ठरते. सोलापूरला परतीचा पाऊस झोडपतो. १४ ऑक्टोबर २०२०ची अतिवृष्टी लोक विसरलेले नाहीत. सप्टेंबर २०२५मध्ये तर सीनेच्या पुराने लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पाडला. शिवाय कमी पावसाच्या मुलखानेच तळी जास्त बांधली आहेत. सिद्धेश्वर तलाव परंपरेने बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचा मानतात, तर आदिला नदीवरचा एकरूख, म्हणजेच हिप्परग्याचा तलाव १८७१चा.

गैरसमज २ : मोठे गटार बांधले की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : हिशेबच करून पाहू. २५ एकरांचा, म्हणजे १० हेक्टरांचा ले-आउट धरा. तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर ५,००० घनमीटर पाणी पडते. रान मोकळे असताना त्यातले निम्मे वाहून जात होते असे धरले, तर २,५०० घनमीटर. छपरे, फरशा आणि काँक्रीट झाल्यावर ८० टक्के वाहते, म्हणजे ४,००० घनमीटर. वाढलेले १,५०० घनमीटर म्हणजे दहा हजार लिटरचे १५० टँकर!

मोठे गटार हे पाणी जिरवत नाही. ते खालच्या वसाहतीच्या दारात लवकर नेऊन सोडते. तेच जादा पाणी दीड मीटर खोल तळ्यात थोपवायचे, तर सुमारे पाव एकर जागा लागते. काठाचा उतार धरून थोडी अधिक. तळाशी बारीक पाईप, वर सांडवा आणि पाणी शिरते तिथे गाळ बसायला खड्डा, एवढीच त्याची रचना. नाल्याला झेपेल तेवढेच पाणी मग सावकाश बाहेर पडते.

गैरसमज ३ : तळे म्हणजे जागा वाया आणि डासांना आमंत्रण.

वस्तुस्थिती : पाणी थोपवणारे तळे एरवी कोरडेच असते. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत रिकामे होईल, अशा बेतानेच त्याचा पाईप बसवतात. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. डास वाढतात ते तुंबलेल्या गटारात आणि मैलापाणी शिरलेल्या डबक्यात. त्यामुळे मैल्याची लाइन तळ्याला जोडायची नाही आणि पावसाळ्यापूर्वी गाळ काढायचा, या दोन गोष्टींत हयगय चालत नाही. जागेचे म्हणाल, तर नेदरलँड्सच्या रॉटरडॅम शहरात २०१३पासून बेंथेमप्लाइन नावाचा चौक आहे. कोरड्या दिवसांत तिथे पोरे खेळतात आणि पावसात तिथेच पाणी साठते. आपल्याकडे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावीच लागते. ती उरल्यासुरल्या कोपऱ्यात न ढकलता सखल बाजूला सोडली, तर तळे आणि मैदान शेजारी शेजारी बसतात.

गैरसमज ४ : रस्ता उंच आणि काँक्रीटचा केला की पाणी साचत नाही.

वस्तुस्थिती : रस्त्यावर साचत नाही, घरात साचते. जुन्या डांबरावर खडीचा थर, त्यावर काँक्रीट, असे करत रस्ता वर येतो आणि जुन्या घरांचे उंबरठे त्याच्या खाली जातात. मग प्रत्येक दारात विटांचा बांध दिसू लागतो. शिवाय सोलापुरातली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. कडेचे पाणी खाली मुरले, तर वरचे काँक्रीटही तडकते. म्हणून जुना थर खरवडून पातळी राखायची, मुरमाचा भराव नीट दाबायचा आणि गटाराचा उतार रस्त्याच्या आधी ठरवायचा.

गैरसमज ५ : डीपीत रेघ मारली की रस्ता झाला.

वस्तुस्थिती : विकास आराखड्यातली रेघ म्हणजे आरक्षण. जमीन ताब्यात आल्याशिवाय रस्ता होत नाही. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७नुसार दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण रद्द होते. याच कायद्यात नगररचना योजनेचा मार्ग आहे. त्यात सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, उद्याने आणि नाल्याच्या जागा आधी काढतात आणि उरलेले सरळ, विकसित प्लॉट मालकांना परत देतात. नवी मुंबईलगतच्या नैना क्षेत्रात मालकांना ४० टक्के विकसित जमीन मिळते. वाटा किती असावा यावर वाद होतो, व्हायलाही हवा. पण तळ्याचा बोजा एकट्या सखल शेतवाल्यावर न टाकता सर्वांवर वाटण्याची सोय या मार्गात आहे.

प्लॉट घेण्याआधी झोन दाखल्याबरोबर गावचा गट नकाशाही पाहा. ओढा कुठून जात होता, हे जवळच्या जुन्या शेतकऱ्याला विचारा. भराव टाकला म्हणून पाणी आपली वाट विसरत नाही. प्रारूप आराखडा जाहीर झाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. रस्त्याची रुंदी किती, यावर आपण हिरिरीने हरकती घेतो. पुढच्या वेळी पाणी कुठे थांबणार आणि कुठून जाणार, हेही लेखी विचारा.