दुनळी रायफल

दुनळी रायफल म्हणजे आतून आटे पाडलेल्या दोन नळ्या शेजारी-शेजारी जोडलेली शिकारीची बंदूक. तिला बहुधा दोन चाप असतात; त्यामुळे पहिला बार अपुरा पडल्यास दुसरा तत्काळ काढता येतो. ब्रिटिश काळात भारतात आणि आफ्रिकेत मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी ती वापरली जाई.

कॅलिबरची निवड

कॅलिबर म्हणजे नळीचा आतील व्यास. ब्रिटिश पद्धतीत तो इंचात सांगतात. ०.४०० कॅलिबरची गोळी सुमारे २६ ग्रॅम, ०.४७० ची ३२ ग्रॅम, तर ०.५७७ ची ४९ ग्रॅम वजनाची असते. गवा, हत्ती अशा जाड कातडीच्या जनावरांसाठी खोलवर शिरणारी जड, कठीण गोळी लागते. बिबट्या किंवा रानडुकरासाठी तिची गरज नसते. कॅलिबर वाढले की बंदुकीचे वजन आणि खांद्याला बसणारा धक्काही वाढतो. धक्क्याच्या धास्तीने नेम चुकल्यास जनावर केवळ जखमी होते, आणि जखमी जनावर हाकाऱ्यांच्या जिवावर उठते. म्हणून पेलवेल तेवढेच कॅलिबर योग्य ठरते.

भोर आणि वेल्हे (राजगड) तालुक्यांतील सह्याद्रीच्या उभ्या चढणी आणि कारवीच्या दाट जाळ्या पाहता हा विचार विशेष लागू पडतो. येथे नजरेचा टप्पा थोडा असतो आणि ओझे डोंगर चढून वाहावे लागते. बिबट्या, रानडुक्कर आणि भेकर हे या भागातील प्राणी असल्याने पाच-सहा किलोंची जड रायफल येथे अनावश्यक ठरते.

हवामान आणि जुळणी

उन्हाळ्यात तापलेल्या कॉर्डाइट दारूचा दाब वाढतो आणि रिकामे काडतूस नळीत अडकू शकते. त्यामुळे उष्ण प्रदेशांसाठी कमी दाबाची, लांब आणि कडा असलेली काडतुसे पसंत केली जात. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी लागाव्यात म्हणून त्यांची जुळणी विशिष्ट काडतुसावर केलेली असते. गोळीचे वजन किंवा वेग बदलल्यास नेम बिघडतो.

कायद्याचा परिणाम

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने ०.४५० कॅलिबरच्या रायफली भारतात आणण्यास बंदी घातली. हा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडून मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलींसाठी वापरला जाईल, अशी भीती त्यामागे होती. परिणामी इंग्लंडमधील बंदूक-कारखान्यांनी ०.४६५, ०.४७० आणि ०.४७६ ही नवी कॅलिबरे बाजारात आणली. यांपैकी ०.४७० सर्वाधिक रूढ झाले.

सद्यस्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीस बंदी आहे. बिबट्या आणि गवा अनुसूची १ मध्ये असून माणसाच्या जिवाला धोका निर्माण झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षकच कलम ११ अन्वये त्यांच्या शिकारीची परवानगी देऊ शकतात. वारशाने आलेली दुनळी रायफल बाळगण्यासाठीही शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना आवश्यक असतो.