भांड्यांची नावे आणि त्यांची साक्ष

वसईकडील घरांत लोणच्यासाठी वापरली जाणारी तपकिरी-पांढरी बरणी ‘चिनी मातीची’ म्हणविली जाते. परंतु अशा बरण्या उत्तर प्रदेशातील खुर्जा येथेही घडविल्या जातात. येथे ‘चिनी’ हे विशेषण उत्पत्तिस्थान न सांगता केवळ भांड्याचा प्रकार सांगते. फ्रान्समध्येही हेच घडलेले दिसते. रूआं व नव्हेर येथील जुन्या झिलईदार भांड्यांना ‘फायांस’ म्हणतात. हे नाव इटलीतील फाएन्झा या नगरावरून आले. कथलाच्या भस्माने पांढऱ्या केलेल्या झिलईवर निळी नक्षी काढून तेथील कारागीर चिनी भांड्यांचे अनुकरण करीत. हिंदीतील ‘मर्तबान’ हा शब्द ब्रह्मदेशातील मर्तबान बंदराचा. पण त्या नावाने विकले गेलेले अनेक रांजण मूळचे दक्षिण चीनमधील होत.

तात्पर्य, नाव कीर्तीची वा व्यापारमार्गाची साक्ष देते, घडणीची देतेच असे नाही. १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या वसईत शब्दसंग्रह करणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच नाव टिपून थांबू नये. बरणीचा झिलई नसलेला पेंदा पाहावा आणि ती कोणी, कोठून आणली हे घरातील वृद्धांस वेळीच विचारावे. बरणी टिकली तरी ही माहिती त्यांच्यामागे उरत नाही.